मॉडेल टी फोर्ड: घाटात उकळणारे पाणी आणि उसळणारा पुढचा भाग, सुटे भाग बदलण्याआधी काय काय तपासावे?

घाटवाट

सर्वांना नमस्कार. आमच्या कुटुंबाकडे असलेल्या १९२५ सालच्या फोर्ड मॉडेल टी गाडीचे काम आता शेवटच्या टप्प्यात आले आहे. इंजिनाची बेअरिंगे, गिअरचे पट्टे आणि मागच्या ॲक्सलमधील बुश नवे आहेत आणि सपाट रस्त्यावर गाडी समाधानकारक चालते. मात्र वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला जाताना अर्ध्या चढावरच रेडिएटरच्या टोपणातून वाफ येऊ लागते, आणि थांबून पाणी घातल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दुसरी अडचण पुढच्या पाट्यांची, म्हणजे पोलादी पानांच्या स्प्रिंगची आहे. बारीक खडबडीत रस्त्यावर पुढचा भाग जोरात उसळतो, स्टिअरिंग हातात थरथरते, आणि गाडी समोरून पाहिली असता डावी बाजू किंचित खाली बसलेली दिसते.

गॅरेजमधून सुचवलेला उपाय असा आहे की पाण्याचा पंप बसवावा, पुढे-मागे आजच्या पद्धतीचे दुर्बिणी (टेलिस्कोपिक) शॉक अ‍ॅब्सॉर्बर लावावेत आणि विषय संपवावा. हे करण्यास माझे मन तयार होत नाही. मूळ रचनेत पंपही नव्हता आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरही नव्हते, आणि अशा दीड कोटींहून अधिक गाड्या १९०८ ते १९२७ या काळात जगभर कच्च्या रस्त्यांवर चालल्या. तेव्हा मूळ व्यवस्थेतील कोणता भाग आपले काम करीत नाही, हे आधी शोधता यावे अशी इच्छा आहे. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे कसा तपासावा, याचे मार्गदर्शन अनुभवी सदस्यांनी करावे ही विनंती.

ओळंबा

आपला प्रश्न योग्य क्रमाने विचारलेला आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. प्रथम पाण्याविषयी लिहितो आणि पाट्यांविषयी नंतर.

या गाडीत पाणी फिरते ते केवळ गरम पाणी हलके होते म्हणून. सिलिंडरभोवती तापलेले पाणी वर चढून रेडिएटरच्या वरच्या टाकीत जाते, नळ्यांतून उतरताना थंड होते आणि खालच्या होजमधून पुन्हा इंजिनात येते. यालाच आपण थर्मोसायफन म्हणतो. ही ओढ किती क्षीण असते याचा हिशेब करून पाहावा. ९० अंशांवर एक घनमीटर पाण्याचे वजन सुमारे ९६५ किलो भरते आणि ६० अंशांवर सुमारे ९८३ किलो, म्हणजे फरक दोन टक्क्यांहूनही कमी आहे. गरम आणि थंड स्तंभांची उंची साधारण चाळीस सेंटिमीटर धरली, तर पाण्याला फिरवणारा एकूण दाब जेमतेम सात मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा येतो. एवढ्या दाबावर चालणाऱ्या व्यवस्थेत नळ्यांतला क्षारांचा पातळ थर, आतून सुटून लोंबणारे होजचे अस्तर किंवा भोक नीट न कापलेले गॅस्केट यांपैकी काहीही एकटे पुरेसा अडथळा करू शकते.

यातूनच पहिली तपासणी निघते आणि ती म्हणजे पाण्याची पातळी. पाणी वरच्या होजच्या तोंडाखाली गेले की अभिसरणाची साखळी तुटते आणि मग उरलेले पाणी सिलिंडरभोवती उभे राहून उकळते. म्हणून चढावर निघताना वरची टाकी भरलेली आहे ना, आणि काही किलोमीटरनंतर इंजिन निवल्यावर पातळी कुठे आहे, हे पाहावे. पहिल्या भरण्यानंतर थोडे पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून जाणे स्वाभाविक आहे. नंतरही ते जातच राहिले तर कारण शोधले पाहिजे.

दुसरी तपासणी रेडिएटर गाडीवरून उतरवून करावी. खालचे तोंड रबरी बुचाने बंद करून रेडिएटर काठोकाठ भरावा, बूच एकदम काढावे आणि रिकामा होण्यास किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजावे. शक्य असल्यास त्याच जातीच्या चांगल्या रेडिएटरवर तीच चाचणी करून तुलना करावी. गळती तपासण्यासाठी तोंडे बंद करून तो पाण्याच्या टाकीत बुडवावा आणि सायकलच्या पंपाने हवा भरावी, पण दाब तीन-चार पौंडांच्या वर नेऊ नये. हे रेडिएटर दाबाखाली चालण्यासाठी बनवलेलेच नाहीत आणि अधिक दाबाने जुने डाख उघडतात.

तिसरी तपासणी अनेकदा राहून जाते. गोल नळ्यांच्या जुन्या रेडिएटरमध्ये पाणी मोकळे वाहत असले तरी नळी आणि पत्र्याच्या पाकळ्या यांच्यामधला डाख सुटलेला असू शकतो, आणि मग नळी तापते पण पाकळीपर्यंत उष्णता पोचत नाही. इंजिन गरम असताना नळी आणि तिच्या शेजारची पाकळी यांचे तापमान निरनिराळ्या जागी मोजावे. यासाठी इन्फ्रारेड तापमापक चालतो, मात्र चकचकीत पितळेवर तो चुकीचा आकडा दाखवतो, त्यामुळे काळ्या रंगाच्या भागावरच मोजावे.

रेडिएटरला दोष देण्याआधी ठिणगीची वेळही तपासावी. ठिणगी उशिरा पडत राहिली तर पेटलेला वायू सिलिंडर सोडून बाहेर जाताना उष्णता एक्झॉस्टच्या बाजूने पाण्यात ओततो, आणि मॉडेल टी उकळण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे. मिश्रण कमी पेट्रोलचे असेल तरीही तेच होते. आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जळण्यासाठी तुलनेने कमी हवा लागते, त्यामुळे कार्बोरेटरची जुनी जुळणी तशीच ठेवली तर मिश्रण आपोआप विरळ होते. चालकाच्या हाताशी असलेली सुई थोडी अधिक उघडून इंजिन कुठे सर्वांत सुरळीत चालते ते पाहावे.

आणि एक गोष्ट उंचीविषयी. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,२९० मीटरवर आहे आणि तिथे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळते. टोपण मोकळे असणाऱ्या गाडीला मुंबईच्या तुलनेत चार अंश आधीच गमवावे लागतात, हे लक्षात ठेवून निष्कर्ष काढावा.

गिरणगाव

ओळंबा यांच्या विवेचनाबद्दल आदर राखून वेगळे मत मांडतो. माझ्याकडे त्याच काळातील चार सिलिंडरची गाडी आहे आणि ती मिरवणुकांत, लग्नसमारंभांत माणसाच्या चालीने तासन्‌तास चालवावी लागते. पंप बसवल्यापासून ती उकळलेली नाही. मूळ रचनेचा आग्रह मलाही मान्य आहे, परंतु आजची वाहतूक १९२५ सालची नाही. घाटात ट्रकमागे अडकलेल्या गाडीला वारा मिळत नाही, आणि तिथे उभे राहून वाफ सोडणे चालकाला व इतरांना सुरक्षितही नाही. पट्ट्यावर चालणारा छोटा पंप पुढेमागे काढून टाकता येतो, त्यामुळे गाडीच्या मूळपणाला कायमची बाधा येत नाही.

ओळंबा

आपल्या उपयोगासाठी पंप सोयीचा ठरला असेल, यात शंका घेत नाही. पण मूळ धाग्यातील गाडीबाबत माझा आक्षेप कायम आहे आणि त्याचे कारण सांगतो. पंप रेडिएटरच्या नळ्या मोकळ्या करीत नाही. नळ्या अर्धवट तुंबलेल्या असतील तर पंप वरच्या टाकीत पाणी वेगाने आणून टाकतो, ते तितक्या वेगाने खाली उतरत नाही, आणि जादा पाणी ओव्हरफ्लोमधून रस्त्यावर जाते. त्यामुळे पाणी गमावण्याचा वेग वाढतो. फोर्डच्या इतिहासातही हे लक्षणीय आहे की सुरुवातीच्या सुमारे अडीच हजार मॉडेल टी गाड्यांत गिअरवर चालणारा पंप होता आणि तो काढूनच थर्मोसायफन स्वीकारला गेला.

मंद गतीत कमतरता असते ती वाऱ्याची, आणि तो आणणे हे पंख्याचे काम आहे. पंख्याचा चामड्याचा सपाट पट्टा तेलाने माखलेला नसावा. इंजिन बंद असताना पाते हाताने ढकलले तर पंखा सहज घसरू नये, पण पट्टा इतकाही ताणू नये की बुशवर भार येऊन तो तापेल. रिव्हेट मारलेल्या जुन्या पत्र्याच्या पात्यांना मुळाशी तडे जातात, आणि पाते सुटले तर ते थेट रेडिएटरमध्ये घुसते. तडे दाखवणारे रंगीत द्रावण मारून पाती तपासल्याशिवाय घाटात जाऊ नये, ही विनंती मी कळकळीने करतो.

कोकणकडा

पाण्याविषयी एक प्रश्न विचारतो. आमच्याकडे विहिरीचे पाणी आहे आणि किटलीत पांढरा थर जमतो. अशा पाण्याऐवजी पावसाचे साठवलेले पाणी वापरले तर चालेल का? आणि बाजारात मिळणारे हिरवे कूलंट घालावे का?

ओळंबा

क्षारांच्या दृष्टीने पावसाचे किंवा बॅटरीचे पाणी उत्तमच आहे, पण असे पाणी लोखंडी ब्लॉकला लवकर गंजवते, म्हणून त्यात गंजरोधक द्रव घालणे आवश्यक आहे. कूलंटमधील ग्लायकॉलमुळे उत्कलनबिंदू वाढतो हे खरे, परंतु ते पाण्यापेक्षा दाट असते आणि उष्णताही कमी वाहून नेते. सात मिलिमीटरच्या ओढीवर चालणाऱ्या व्यवस्थेत निम्मे ग्लायकॉल भरणे मला पटत नाही. आपल्याकडे पाणी गोठण्याचे भय नसल्यामुळे त्याची गरजही नाही. आधीच जमलेला थर काढायचा असेल तर सायट्रिक ॲसिडचे सौम्य कोमट द्रावण थोडा वेळ फिरवून, नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारून, खालून वर अशा उलट दिशेने भरपूर पाण्याने धुवावे. द्रावण रात्रभर आत ठेवू नये, कारण ते डाखालाही खाते.

घाटवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे एका वेळी एकच गोष्ट तपासली आणि जे आढळले ते येथे नोंदवतो.

ठिणगीची वेळ बदलणारा दांडा पूर्ण पुढे केला तरी टायमर निम्म्याच अंतरापर्यंत फिरत होता, कारण मधल्या सळईचे दोन्ही सांधे झिजलेले होते आणि दांड्याची बरीचशी हालचाल त्या ढिलाईतच जात होती. म्हणजे गाडी आतापर्यंत कायम उशिराच्या ठिणगीवर चालत होती. सांधे भरून घेतले आणि रेडिएटरला हात न लावता पुन्हा पसरणी चढलो. पूर्वी जिथे वाफ येत असे ते वळण सहज पार झाले, मात्र माथ्याजवळच्या शेवटच्या चढावर पाणी उकळलेच.

त्यानंतर रेडिएटर उतरवला. तो रिकामा होण्यास ५५ सेकंद लागले, तर एका स्नेह्यांकडून तुलनेसाठी आणलेला त्याच जातीचा रेडिएटर २२ सेकंदांत रिकामा झाला. तापमान मोजताना उजवीकडच्या सुमारे एक तृतीयांश भागातील पाकळ्या नळ्यांपेक्षा स्पष्टपणे थंड आढळल्या. तेव्हा रेडिएटरचा गाभा (नळ्या आणि पाकळ्यांचा भाग) नवा बनवून घेण्याचा निर्णय घेतला आहे, आणि पंपाचा विचार सोडला आहे. आता पाट्यांकडे वळावे अशी इच्छा आहे.

मिडलँड्स

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि माझ्याकडे १९२०च्या दशकाअखेरची ऑस्टिन सेव्हन आहे. तिलाही पुढे आडवा पाटा आणि थर्मोसायफन आहे, शिवाय घर्षणाचे (नटाने आवळलेल्या चकत्या एकमेकींवर घासून हालचाल रोखणारे) शॉक अ‍ॅब्सॉर्बर आहेत, म्हणून पाट्यांविषयी लिहिण्याचे धाडस करतो.

प्रथम डावी बाजू खाली का, ते ठरवावे. आपल्या गाडीत पुढे आणि मागे एकेकच आडवा पाटा आहे, त्यामुळे मागचा पाटा एका बाजूला बसलेला असला तरी चौकट तिरपी होऊन दोष पुढे दिसतो. सपाट फरशीवर चौकटीचा मागचा आडवा भाग नेमका मध्यावर एका जॅकवर उचलावा, म्हणजे मागच्या पाट्याचा प्रभाव संपेल, आणि मग पुढे दोन्ही बाजूंना ॲक्सल ते चौकट उंची मोजावी. फरक राहिला तर पुढचा पाटा काढून उलटा, म्हणजे डावे टोक उजवीकडे करून बसवावा. झुकाव बाजू बदलून उजवीकडे गेला तर पाटा थकलेला आहे. तो डावीकडेच राहिला तर शॅकल (पाट्याचे टोक ॲक्सलला जोडणारी कडी), बुश किंवा चौकट यांत दोष शोधावा.

यानंतर पाट्याची भारचाचणी करावी, आणि माझ्या मते सगळ्या तपासण्यांत हीच सर्वांत जास्त शिकवते. वजन माहीत असलेली पोती चौकटीच्या पुढच्या भागावर एकेक करून ठेवावीत आणि प्रत्येक वेळी उंची मोजावी, नंतर त्याच क्रमाने उतरवताना पुन्हा मोजावी. त्याच वजनाला चढताना आणि उतरताना येणाऱ्या उंचीतील फरक म्हणजे पानांमधील घर्षण. थोडे घर्षण हवेच, कारण मूळ गाडीत उसळी शमवण्याचे काम तेच करीत असे. पण पाने गंजून एकमेकांना धरून बसली की बारीक खड्ड्यांवर पाटा हलतच नाही, आणि सगळी गाडी टायरमधल्या हवेवर नाचू लागते. टायरला स्वतःचे शमन जवळपास नसल्यामुळे ही उसळी भरभर आणि थरथरती असते. उलट पाटा मोकळा असून शमन अपुरे असेल तर गाडी सावकाश, होडीसारखी खालीवर झुलते. आपण वर्णन केलेले लक्षण पहिल्या प्रकाराचे वाटते, आणि त्यावर शॉक अ‍ॅब्सॉर्बर लावणे म्हणजे जिथे घर्षण आधीच जास्त आहे तिथे आणखी विरोध भरणे होईल.

टायरचा प्रकारही कळवावा. जुन्या साडेतीन इंची अरुंद टायरना पन्नास पौंडांहून अधिक हवा लागे, तर १९२५ पासून मिळू लागलेल्या २१ इंची रुंद बलून टायरना त्यापेक्षा पुष्कळ कमी पुरते. बलून टायरमध्ये जुन्या सवयीने हवा भरली गेली असेल तर निम्मी थरथर तिथूनच येत असेल.

घाटवाट

मागचा भाग मध्यावर उचलल्यावरही पुढे १४ मिलिमीटरचा फरक राहिला, आणि पाटा उलटा बसवल्यावर झुकाव उजवीकडे गेला. म्हणजे दोष पाट्यातच आहे. भारचाचणीत १०० किलो वजनाला चढताना पाटा २४ मिलिमीटर दबला होता, तर दीडशे किलोंवरून उतरताना त्याच १०० किलोंना तो ३६ मिलिमीटर दबलेलाच राहिला. पाने सुटी केली तेव्हा त्यांच्या टोकांनी खालच्या पानांत खाचा पाडलेल्या दिसल्या. लोहाराकडून थकलेल्या बाजूची कमान पुन्हा भरून घेतली, खाचा घासून काढल्या आणि ग्रॅफाइट लावून पाने जोडली. आता तेच आकडे २७ आणि ३१ असे आहेत, आणि दोन्ही बाजूंची उंची तीन मिलिमीटरच्या आत जुळते. टायर बलूनच आहेत आणि त्यांत खरोखरच हवा फार जास्त होती.

थरथर गेली. मात्र मोठ्या खड्ड्यानंतर गाडी आता दोन-तीन झोके घेते.

ओळंबा

पाटा उघडलाच आहे तर दोन गोष्टी आताच पाहून घ्याव्यात. मधला सेंटर बोल्ट पानांना फक्त जागेवर ठेवतो, भार धरून ठेवण्याचे काम वरच्या क्लिपांचे आहे. त्या ढिल्या राहिल्या तर बोल्ट तुटतो आणि पाटा सरकतो. म्हणून शंभरएक किलोमीटरनंतर क्लिपा पुन्हा आवळाव्यात.

दुसरी गोष्ट कॅस्टरची, म्हणजे चाक ज्या उभ्या खिळीभोवती वळते त्या किंगपिनच्या झुकावाची. पाट्याची उंची बदलली की पुढच्या ॲक्सलचा कलही थोडा बदलतो. मॉडेल टीमध्ये किंगपिनचा माथा सुमारे साडेपाच अंश मागे झुकलेला असावा लागतो, म्हणजे ओळंबा सोडून पाहिले असता दहा सेंटिमीटर उंचीत साधारण एक सेंटिमीटर. तो बराच कमी आढळला तर ॲक्सलला मागून धरणारा विशबोन वाकलेला आहे असे समजावे, आणि त्याच्या मागच्या टोकाचा गोल सांधाही तपासावा. हा सांधा सुटला तर ॲक्सल उलटा फिरून स्टिअरिंगवरचा ताबा जातो, त्यामुळे त्यातील स्प्रिंगा आणि बोल्टांना घातलेली सुरक्षेची तार यांबाबत कोणतीही तडजोड करू नये.

मिडलँड्स

आता जे झोके उरले आहेत, ते खऱ्या अर्थाने शमनाच्या अभावाचे आहेत, आणि आता घर्षणाचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर लावणे मला योग्य वाटते. फ्रान्समधील त्र्युफो यांची मूळ कल्पना आणि अमेरिकेतील हार्टफर्ड यांनी केलेला तिचा प्रसार यांमुळे हे साधन त्या काळात सर्वत्र मिळत असे, म्हणून ते गाडीच्या काळाशीही सुसंगत आहे. दुर्बिणी शॉक अ‍ॅब्सॉर्बरसाठी चौकटीला जे कंस जोडावे लागतात, त्यांचा ताण घेण्यासाठी ही हलकी चौकट बनवलेली नाही.

या साधनाची मर्यादा समजून जुळणी करावी. तेलाच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये हालचाल जितकी जलद तितका विरोध वाढतो. घर्षणाच्या साधनाचा विरोध मात्र हालचाल हळू असो वा जलद, जवळपास तेवढाच राहतो, आणि सुरुवातीचा झटका देण्यास उलट अधिक जोर लागतो. म्हणून ते फार आवळले की बारीक खड्ड्यांवर पाटा पुन्हा जखडतो आणि आपण जिथून निघालो तिथेच परत येतो.

मोजणी अशी करावी. एका बाजूचा भुज ॲक्सलकडून सोडवावा, त्याच्या टोकाला स्प्रिंगचा काटा अडकवून काटकोनात हळू ओढावे. भुज हलण्यापूर्वीचा सर्वाधिक आकडा आणि तो सावकाश फिरत असतानाचा आकडा, असे दोन्ही लिहावेत. या दोहोंत फार अंतर असेल तर लाकडी किंवा चामड्याच्या चकत्यांवर तेल गेलेले आहे किंवा पत्रे गंजलेले आहेत. चकत्या पेट्रोलने पुसून वाळवाव्यात, पत्रे बारीक पॉलिशपेपरने साफ करावेत आणि तिथे ग्रीस मुळीच लावू नये. मधला नट थोडा थोडा आवळत डाव्या-उजव्या बाजूंचे आकडे सारखे करावेत, आणि गाडीचा पुढचा भाग जोराने दाबून सोडल्यावर ती एका झोक्याहून थोडे अधिक हलून स्थिर होईल इथपर्यंतच जावे. मग एका माणसाने फूटबोर्डवर उभे राहून पाहावे. त्याच्या वजनाने गाडी दिसण्याइतकीही दबली नाही, तर नट पाव फेरा सैल करावा.

आपल्याकडील पावसाळ्यात चकत्या ओल धरतात आणि त्यांची पकड बदलते, म्हणून जूनमध्ये लिहिलेले आकडे ऑक्टोबरमध्ये पुन्हा काटा लावून पडताळावेत. नव्या चकत्या पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये बसतात आणि ढिल्या पडतात, त्या काळात नट अधिक वेळा पाहावा लागेल.

घाटवाट

काटा आणि चकत्यांची सोय झाली आहे. रेडिएटरचा नवा गाभा येताच आधी तो रिकामा होण्याचा वेळ मोजीन, पंख्याची पाती तपासून घेईन आणि मगच दोन्ही बाजूंचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवून घाट चढेन. त्या चढाईत वरच्या टाकीचे तापमान प्रत्येक मोठ्या वळणावर नोंदवून ते आकडे याच धाग्यात देईन.